तीनदा दिसलेली वाट

थॉर्नबी, व्हरमाँट
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय एल्डन,

अभिनंदन. अमेरिकेतल्या सर्वांत सुंदर कॉलेज-आवारांच्या यादीत आपण चौथे आलो आहोत. ‘आपण’ म्हणताना तुला धरलं आहे. मासिकवाल्यांनी ज्याचं कौतुक केलं त्यातलं निम्मं मुख्य माळी म्हणून बाबांनी लावलेलं आहे आणि उरलेलं निम्मं त्यांच्यानंतर तू. माझा वाटा इतकाच, की नोकरीची तेवीस वर्षं मी त्यावरून चालते आहे आणि एकदाही गवतावर सफरचंदाचा गाभा टाकलेला नाही.

तू वाळवंटात राहतोस, तेव्हा हे मासिक तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, असं धरून सांगते. पहिल्या तिन्ही कॉलेजांना समुद्र किंवा डोंगर आहे. आपल्याला एक तळं, एक घंटेचा मनोरा आणि एकशे चाळीस मेपल. तरी चौथे. डीन गेज दोन दिवस असा चालतो आहे की जणू मेपलना तांबडा रंग त्यानं स्वतः दिला.

लेखात सर्वांत मोठा परिच्छेद आपल्या वाटांवर आहे. ‘थॉर्नबीत वाटा कुणी आखत नाही. बर्फ पडलं की मुख्य माळी मनोऱ्यावर चढतो आणि विद्यार्थ्यांच्या पायांनी बर्फात काढलेल्या रेघा नकाशावर उतरवतो. हिवाळ्यात तीनदा चढतो. तिन्ही वेळा दिसलेली वाटच उन्हाळ्यात विटांनी बांधली जाते.’ बाबांचं ‘पाय खोटं बोलत नाहीत’ हे वाक्यही कुणीतरी त्यांना पुरवलं आहे. ते कॉलेजच्या संस्थापकांच्या नावावर छापलं आहे. बाबा हसले असते.

आणि मुखपृष्ठावर तळं आहे. दोन काठांवरून समोरासमोर उतरणाऱ्या तुझ्या दोन वाटा, मध्ये पाणी, पाण्यात मेपल. चित्र सुंदर आहे, हे मला कबूल करावं लागतं. फोटो काढण्यासाठी वाटेच्या तोंडाशी असते ती साखळी सोडवली होती. ‘साखळीनं नजर अडते,’ असं तो फोटोग्राफर म्हणाला. साखळी नेमकी कशासाठी असते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी तिथेच उभी होते. मीही नाही.

आता मुद्दा. काल गेजनं मला बोलावलं. त्याच्या टेबलावर एक पत्र होतं. जॉर्जियाहून, मिसेस डोरीन टॉलिव्हर यांचं. रुबेनची आई.

“विनी, याचं उत्तर तू लिही,” तो म्हणाला. “दोन परिच्छेद. ऊब असावी, पण कबुली नको.”

“ऊब किती अंश?”

“थट्टा नको. तू दोन मृत भाषा शिकवतेस...”

“म्हणून मेलेल्यांचा पत्रव्यवहार माझ्याकडे?”

तो हसला नाही. खरं तर मीही हसवायला म्हटलं नव्हतं.

पत्र असं आहे, जसंच्या तसं: ‘लेखात म्हटलं आहे की तुमच्याकडे प्रत्येक वाट तीनदा पाहून मगच बांधतात. माझा मुलगा ज्या वाटेनं गेला ती पाण्यात जाते. मग तिन्ही वेळा लोक पाण्यावरून चालत होते का? नोव्हेंबरातसुद्धा? मी दक्षिणेतली, मला बर्फाचं कळत नाही, म्हणून विचारते. त्या मनोऱ्यावर कोण चढलं होतं? अकरा डिसेंबरला मी नेहमीप्रमाणे येईन. तोवर कळवावं.’

साडेसहा वर्षांत एवढा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चौकशी समितीत पाच माणसं होती आणि त्यांतल्या तिघांकडे डॉक्टरेट होती.

उत्तर तसं सोपं आहे. नकाशावर माळी खात्याचा शिक्का आहे आणि खाली तीन तारखा आहेत. तुझा पाय त्या हिवाळ्यात मोडलेला होता, हे मिसेस टॉलिव्हरना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी चार मसुदे लिहिले आणि फाडले.

नाताळची कार्डं सोडली तर तुला हे माझं पहिलं पत्र. तुझी कार्डं मिळतात. दरवर्षी एक निवडुंग आणि ‘एल्डन’ एवढी अक्षरं. निवडुंग बदलतो. बसथांब्यावर तू मला शेवटचं म्हणालास ते अजून आठवतं. “गुडघे जप, विनी. जिने फार चढू नकोस.” सहा वर्षं आपण बोलणार नव्हतो आणि तू गुडघ्यांवर बोललास. पार्कहर्स्ट घराण्याला शोभलं.

तुझ्या अवजारांच्या खोपटाचं कुलूप अजून तेच आहे. सहज त्या बाजूला गेले होते, म्हणून सांगितलं.

तुझी,
विनी


१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय एल्डन,

गेल्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. खरंही लिहिलं नव्हतं. तू उत्तर पाठवलं नाहीस, यात मला नवल नाही. अर्ध्या पत्राला कोण उत्तर देतो?

आता उरलेलं अर्धं.

१९८९च्या नोव्हेंबरात तू पश्चिमेकडच्या मेपलवरून पडलास. नडगीत दोन खिळे, एप्रिलपर्यंत प्लॅस्टर. मनोऱ्याला एकशे अठरा पायऱ्या. तू म्हणालास, “विनी, तू चढ. बाबांबरोबर तू माझ्याहून जास्त वेळा चढली आहेस.” मी हो म्हटलं. मी एकदा चढले. सहा फेब्रुवारीला. वर वारा असा होता की पेन्सिल बोटांत राहीना. तळं फूटभर गोठलेलं. जेवणघरापासून व्यायामशाळेपर्यंत सगळं कॉलेज त्यावरून सरळ चालत होतं, आणि बर्फातली ती रेघ आवारातली सर्वांत ठळक रेघ होती. मी ती उतरवली. मग घरी येऊन, चहा घेऊन, शाई बदलून, खाली तीन तारखा लिहिल्या. १९ नोव्हेंबर, ६ फेब्रुवारी, २२ मार्च.

नोव्हेंबरात चढले असते तर दिसलं असतं, की पाणी उघडं असताना वाट तळ्याला वळसा घालून जाते. मार्चमध्ये चढले असते तरी दिसलं असतं.

मला त्या महिन्यात एक निबंध पुरा करायचा होता. विषय तुला सांगितला होता, आठवत नसेल. आमच्या जुन्या संस्कृत पंडितांचा एक न्याय आहे, स्थूणानिखनन. खांब रोवला की तो पुन्हा पुन्हा हलवून बघावा, मगच पक्का झाला म्हणावं. त्यावर मी बावीस पानं लिहिली. छापून आली. विद्वानांना आवडली.

मार्चअखेरीस तू अंथरुणावर नकाशा पसरलास. ते बोलणं मला शब्दशः आठवतं. तुलाही आठवत असेल, पण मला ते लिहायचं आहे.

“विनी, ही तर पाण्यात जाते.”

“काठावर बसायला जातात मुलं. दोन्ही बाजूंनी.”

“तीनदा दिसली?”

“तीनदा.”

“नोव्हेंबरातही?”

“एल्डन, मी काय आंधळी आहे?”

तू नकाशाची गुंडाळी केलीस. मे महिन्यात दोन्ही काठांवर विटा घातल्यास. कठडा मागितलास, तर दृश्य बिघडेल म्हणून सौंदर्य समितीनं नाकारला. पुढच्या डिसेंबरात पहिल्या मोठ्या बर्फानं विटा आणि कोवळं गोठलेलं पाणी एकाच चादरीखाली झाकलं. सकाळी आठची परीक्षा होती. जॉर्जियाचा एक अठरा वर्षांचा मुलगा वाट जिकडे नेत होती तिकडे गेला.

चौकशीत तुला विचारलं, “रीत पाळली होती?” तू म्हणालास, “पाळली होती.” मला विचारलं. मी म्हटलं, “माझा भाऊ रीत मोडणारा नाही.” किती सत्य वाक्य होतं ते. मग समितीनं ठरवलं की नकाशा बिनचूक होता, चुकली ती मुख्य माळ्याची विवेकबुद्धी, आणि तुझी नोकरी गेली. तू ‘नकाशा खोटा आहे’ एवढं म्हणाला असतास तर सुटला असतास. मला वाटत आलं, तुला ठाऊकच नव्हतं.

हा भ्रम परवापर्यंत टिकला.

परवा पहिलं बर्फ पडलं. नवी मुख्य माळीण ब्रेंडा चांगली मुलगी आहे, पण तिला उंचीची भीती वाटते. ती रीत तिनं हळूच सोडून दिली आहे. लेखात छापलेलं गेल्या सहा वर्षांत घडलेलंच नाही. मी म्हटलं, मी चढते. किल्लीसाठी चॅपलमध्ये ल्युशस पाइककडे गेले. म्हातारा ऐंशीचा झाला. अजून किल्ली देण्याआधी दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीनं वहीत सही करायला लावतो.

“प्रोफेसरबाई, या वयात वर कशाला?”

“बर्फ बघायला.”

“ते खालूनही दिसतं.” मग वही पुढे सरकवत म्हणाला, “एल्डनला पत्र टाकलंत म्हणे. पोस्टातली मुलगी सांगत होती. दोन मेलेल्या भाषा शिकवता आणि जिवंत माणसाला लिहायला सहा वर्षं लागली?”

“साडेसहा.”

मी जुनी वही मागितली. का, ते मलाही नीट ठाऊक नाही. माझी एकटीची सही बघायची होती, एवढंच. पाइकनं मेणबत्त्यांच्या तुकड्यांखालून ती काढून दिली. ६ फेब्रुवारी १९९०, डब्ल्यू. पार्कहर्स्ट. माझ्या हातची.

आणि मागच्या पानावर, दोन ओळींच्या मधल्या जागेत कोंबलेली, १९ नोव्हेंबर. पुढच्या पानावर तशीच, २२ मार्च. दोन्हीकडे माझं नाव. पण ते मी लिहिलेलं नाही. एल्डन, मी माझं पहिलं अक्षर गोल काढते. हे दोन काड्यांची फुली मारल्यासारखं होतं, जसं आवारातल्या विलोंच्या पत्र्यांवर तू रंगवलेलं ‘विलो’चं आहे.

मी बाकावर बसले. पाइक म्हणाला, “पाणी देऊ?” मी नको म्हटलं. तो म्हणाला, “चौकशीवाल्यांनी वही मागितली त्याच्या आदल्या दिवशी तो आला होता. मी मेणबत्त्या विझवत होतो. मी बघितलं नाही.” जरा थांबून म्हणाला, “म्हणजे, बघितलं नाही असं ठरवलं.”

चौकशीत वही आणि नकाशा जुळले, हा मी आजवर काकतालीय न्याय समजत होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. फांदी तू करवतीनं कापून ठेवली होतीस. आणि मग बसथांब्यावर म्हणालास, जिने फार चढू नकोस.

वर गेले. नकाशा काढला. गुडघे दुखतात. मुलं तळ्याला वळसा घालतात. माझ्या घरामागून तुझ्या खोपटाकडे जाणारी एक बारीक रेघ दिसली. कोल्हा असावा. काढली नाही, फक्त ठिपके दिले.

मी अकरा डिसेंबरला मिसेस टॉलिव्हरना सांगणार आहे. त्यात तुझ्या त्या दोन ओळीही बाहेर येतील. तुला नको असेल तर कळव. तरी मी सांगेन, पण तुझं ‘नको’ ऐकून सांगेन.

विनी


१३ डिसेंबर १९९७

एल्डन,

तुझं काही आलं नाही. मी सांगितलं.

मिसेस टॉलिव्हर परवा सकाळी अकराच्या बसनं उतरल्या. दरवर्षीसारखा खाऊचा भला मोठा डबा हातात होता, त्यांच्याकडच्या पेकान अक्रोडांच्या बारक्या वड्या. त्या जेवणघरात ठेवतात आणि कुणाला सांगत नाहीत कुणी आणल्या. गावी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात, त्यामुळे मोजून आणतात. आठशे मुलं, आठशे वड्या. गेज स्वागताला पुढे झाला तर त्यांनी त्याच्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, “हे जरा धरा, साहेब. मला या बाईंशी बोलायचंय.” तो डबा धरून तिथेच उभा राहिला.

आम्ही तळ्याकडे गेलो. साखळी पुन्हा लावली आहे. त्यांनी ती हातानं हलवून पाहिली.

“पत्राचं उत्तर तुम्ही लिहिणार होतात म्हणे.”

“हो. लिहिता येईना.”

“शिकवता ना?”

“शिकवते. तरी.”

मग मी बोलले. चढले मी. एकदाच. तारखा तीन लिहिल्या. भावानं विचारलं तेव्हा खोटं बोलले. समितीपुढे खरी वाक्यं बोलून खोटं सांगितलं. वहीतल्या दोन नोंदी बनावट आहेत आणि त्या माझ्यामुळे आहेत.

त्या पाण्याकडे बघत होत्या. काठाला काचेसारखा पापुद्रा धरला होता, मध्ये काळं पाणी.

“एकदाच का?”

“थंडी होती. आणि एक निबंध लिहायचा होता.”

“कशावर?”

मी सांगितलं. खांब रोवल्यावर पुन्हा पुन्हा हलवून बघावा, यावर.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणूनच हसल्या नसाव्यात.

“वहीत दुसरं कुणी लिहिलं?” त्या म्हणाल्या, आणि मी तोंड उघडण्याआधीच हात वर केला. “राहू दे. मलाही भाऊ आहे.”

तुझं नाव मी घेतलं नाही. माझ्या निग्रहाचं ते श्रेय नाही. त्यांचं आहे.

थोड्या वेळानं म्हणाल्या, “त्या माळ्याला मी सात वर्षं शाप दिले. रोज, प्रार्थना झाल्यावर. देवाला म्हणायचे, हे वेगळं आहे, हे तू ऐकू नकोस. आता त्यांतलं किती परत घ्यायचं, मला ठाऊक नाही.”

“मिसेस टॉलिव्हर, मी तुमची...”

“नका,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माफी मागू नका, बाई. मागितलीत तर मला काहीतरी द्यावं लागेल. आज माझ्याकडे नाही.”

माझ्या आयुष्यात कुणी मला इतक्या नेमकेपणानं गप्प केलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं की रुबेन कोणत्या काठावरून उतरला. हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. सात वर्षं त्या समोरच्या काठावर उभ्या राहत होत्या, एल्डन. चुकीच्या काठावर. मी त्यांना पलीकडे नेलं. साखळी सोडवली. त्या एकट्या विटांवरून खाली गेल्या, शेवटच्या विटेशी थांबल्या. मी वर उभी राहिले. परत येताना त्यांचा पाय घसरला तेव्हा मी हात दिला. तो त्यांनी घेतला आणि सपाटीवर आल्यावर सोडला.

निघताना दोनच गोष्टी म्हणाल्या. “हे मला कागदावर हवंय. कॉलेजच्या कागदावर, तुमच्या सहीनं. आणि त्या विटा काढा.”

जेवणघरासमोर गेज अजून डबा धरून उभा होता. बोटं निळी झाली होती. त्याच्यावर माझा राग आहे, तरी त्याची मला दया आली.

काल कागद पाठवला. प्रत समितीला. दोन परिच्छेद झाले. गेजनं सांगितले होते तेवढेच.

विनी


१ फेब्रुवारी १९९८

प्रिय एल्डन,

आधी तुझ्या कार्डाबद्दल. पोस्टातल्या मुलीनं मला ते देताना उलटं धरलं होतं, म्हणजे वाचून झालं होतं. “यंदा जास्त लिहिलंय,” म्हणाली. पुढे निवडुंग, त्यावर फुलं. मागे ‘एल्डन’च्या वर एक ओळ. ‘यंदा तीनदा चढणार ना?’

मी तुला तेवीस वर्षांच्या पगारी अध्यापनानंतर सांगते, इतकं अवघड भाष्य मी वाचलेलं नाही. त्यात राग आहे की थट्टा, हे मी महिनाभर ठरवते आहे. माझ्या वर्गात आहेत त्या तिन्ही विद्यार्थ्यांना विचारावंसं वाटलं.

आज सकाळी दुसऱ्यांदा चढले. पंचवीस पायऱ्यांनी एक थांबा. पाइक खालून ओरडत होता, “मेलात की काय, प्रोफेसरबाई?” “मेले तर सही कुठे करायची?” असं वरून विचारलं. तळं गोठलं आहे, आणि मुलं सरळ त्यावरून चालत आहेत, तेव्हाच्यासारखीच. तीच ठळक रेघ. मी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. काहीही खोटं नव्हतं तिच्यात. पाय खरंच खोटं बोलत नाहीत. पण ते त्या दिवसापुरतंच बोलतात, हे बाबांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. म्हणून तीनदा.

माझ्या घरामागची ती बारीक रेघ पुन्हा दिसली. सरळ तुझ्या खोपटापर्यंत आणि परत. कोल्हा इतका नियमित नसतो. ब्रेंडाला विचारलं, तर म्हणाली, “मी नाही बाई, त्या बाजूला आमचं काहीच नाही.” म्हणताना माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं.

समितीनं जुना निष्कर्ष बदलला. इतिवृत्तात आता असं आहे की मुख्य माळी एल्डन पार्कहर्स्ट यांच्यापुढे सदोष नकाशा ठेवण्यात आला होता. ‘ठेवण्यात आला’ हा प्रयोग मी खोडून ‘विनिफ्रेड पार्कहर्स्ट यांनी ठेवला’ करून घेतलं. गेज म्हणाला, “विनी, एवढं व्याकरण कशाला?” मी म्हटलं, कर्ता लपवायला मीच शिकवलं होतं, आता मीच त्याला बाहेर काढते. वहीतल्या दोन ओळींबद्दल तुझ्याकडे कुणी काही विचारणार नाही. पाइक समितीपुढे म्हणाला की त्याला मोतीबिंदू आहे. १९९१ सालीही होता का, असं विचारल्यावर म्हणाला, “हो, पण वहीशी आलेली माणसं बघतानाच.”

मी जूनमध्ये निवृत्त होते आहे. कुणी काढलं नाही. मीच लिहून दिलं. तिघांची परीक्षा घेऊन जाईन. संस्कृत बंद होईल बहुधा. त्याबद्दल शोक करायचा माझा हक्क मी सध्या तहकूब ठेवला आहे.

मासिकाला गेजनं कळवलं, की वाटांबद्दलचा मजकूर पुढच्या आवृत्तीत छापू नये. त्यांनी विचारलं, मुखपृष्ठाचं काय? तो म्हणाला, विटा काढणार आहोत. ते म्हणाले, मग क्रमांकाचं सांगता येत नाही. फोन ठेवून तो माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “तू ते सांगायला नको होतंस असं मी म्हणत नाही.” त्याच्या मानानं ते बरंच होतं.

मार्च बाकी आहे.

विनी


२२ मार्च १९९८

प्रिय एल्डन,

तीनदा झालं. आज सकाळी. सोबत नकाशा आहे.

मेपल-साखरेचा हंगाम लागला आहे. रस झेलायला झाडांना बादल्या टांगल्या आहेत, वाटा चिखलाच्या झाल्या आहेत, आणि सावलीच्या बाजूंना अजून बर्फ आहे, बाबांना हवं असायचं तसं. “निघून जाणारं बर्फ सर्वांत खरं सांगतं,” असं ते म्हणायचे. माझ्या मते ते असं म्हणालेही नसतील, मीच त्यांच्या नावावर खपवत असेन. आता मला माझ्या आठवणींच्या तारखा तपासायची सवय लागली आहे.

तळं सुटलं आहे. सगळ्या पाऊलखुणा वळसा घालून जातात. ही वाट नोव्हेंबरात होती, फेब्रुवारीत सरळ रेघेच्या बाजूला फिकट का होईना होतीच, आणि आज आहे. तिला शाई दिली आहे. फेब्रुवारीतली पाण्यावरची रेघ एकदाच दिसली. ती काढलेली नाही. मिसेस टॉलिव्हरची आणि माझी डिसेंबरातली पावलंही नकाशावर नाहीत. तीसुद्धा एकदाचीच होती.

त्यांचं उत्तर आलं. एका ओळीचं: ‘कागद मिळाला. माळ्याचा पत्ता कळवावा.’ मी कळवला आहे. त्या काय लिहितील मला माहीत नाही. तू ते नीट बसून वाच.

विटा पुढच्या महिन्यात काढायच्या, जमीन मोकळी झाली की. ब्रेंडा विचारते की खाली वाळू किती आणि खडी किती घातली होतीस, कारण एकही वीट हललेली नाही. मी म्हटलं, ते त्यालाच विचारावं लागेल.

आता शेवटचं. नकाशावर माझ्या घराच्या मागच्या दारापासून तुझ्या खोपटापर्यंत एक बारीक रेघ दिसेल. नोव्हेंबरात तिला ठिपके दिले होते. फेब्रुवारीत पुन्हा दिले. आज सकाळी ऊन तिरपं होतं, आणि प्रत्येक पाऊल वेगळं दिसत होतं. डावा पाय जरा फरपटलेला, दर पावलाला. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर मागे वळून पाहिलं तर माझ्या ओल्या बुटांचे ठसेही तसेच होते.

मला आठवत नाही, एल्डन. म्हणजे मी कधीतरी कुलूप बघायला गेले होते, एकदा दाताळं आणायला, एकदा छपरावरचं बर्फ बघायला. आत जाता येत नाही, किल्ली तुझ्याकडे आहे. दारापर्यंत जायचं, उभं राहायचं, परत यायचं. मला वाटत होतं असं दोन-चारदा झालं असेल. वरून पाहिलं तर बर्फ मातीपर्यंत झिजलेलं आहे.

रीत तुला ठाऊक आहे. तीनदा दिसली की बांधावी लागते. कुणाच्या पायांची, ते नकाशा विचारत नाही. तिलाही शाई दिली आहे.

पण हा नकाशा काढणारीचं नाव या कॉलेजात आता फारसं विश्वासाचं नाही, तेव्हा कुणीतरी वर चढून पडताळून पाहायला हवा. बर्फ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकेल. किल्ली पाइककडे आहे. वहीत माझ्या तीन सह्यांखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. ती तुझ्या स्वतःच्या नावानं भर.

तुझी,
विनी